पान कुठे सुरू होतं, कुठे संपतं : साधं आणि संयुक्त पान बिनचूक ओळखण्याची पद्धत

'हे कुठलं झाड?' असं विचारत व्हॉट्सॲपवर जे फोटो येतात, त्यांतल्या बहुतेकांत तळहातावर ठेवलेलं एकच पान असतं. त्यावरून झाड सांगता येत नाही, कारण तळहातावर आहे ते पान की पानाचा तुकडा, हेच फोटोत कळत नाही. शाळेच्या प्रकल्पवहीतही तीच गत. कडुनिंबाची करवती कडेची, बाजूला वाकलेली दोन-तीन इंचांची पर्णिका (पानाचं एक सुटं दळ) चिकटवायची आणि खाली 'कडुनिंबाचे पान' असं लिहायचं. कडुनिंबाचं खरं पान वीतभरापेक्षा लांब असतं आणि त्या एका पानावर अशा दहा-पंधरा पर्णिका असतात.

ही चूक पुढचं सगळं बिघडवते. झाड ओळखायच्या कुठल्याही तक्त्यात सुरुवातीलाच 'पान साधं की संयुक्त?' हा प्रश्न असतो. साधं म्हणजे एकाच पात्याचं, संयुक्त म्हणजे पर्णिकांचं मिळून झालेलं. तिथे चुकलात की पुढची दहा उत्तरं बरोबर देऊनही भलत्याच झाडापाशी पोहोचता. शेतात तर याचे पैसे मोजावे लागतात, कारण तणनाशकाच्या माहितीपत्रकात फवारणीची वेळ पानांच्या संख्येवर दिलेली असते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करायचे. पानाची हद्द ठरवल्याशिवाय आकार, कडा, शिरा यांच्याकडे वळायचं नाही.

टप्पा १ : पान नको, डहाळी घ्या

सुटं पान हा नमुना नव्हे. नमुना म्हणजे शेंड्यासकट कापलेली, किमान पाच पेरं असलेली डहाळी. पेर म्हणजे खोडावर पान बसतं ती जागा. साधारण ३० ते ४० सेंटिमीटर डहाळी पुरते. शेवगा, शिरीष, बहावा यांची पानंच लांबलचक असल्याने तिथे पानाचा देठ जिथे खोडाला चिकटतो तो खोडाचा तुकडाही नमुन्यात यायला हवा. ओढून तोडू नका. ओढल्यावर पान देठाच्या बुडाशी निखळतं आणि जे पाहायचं असतं तेच झाडावर राहतं. ब्लेड किंवा छाटणीची कात्री वापरा.

बरोबर एवढंच लागतं : दहा पटीचं भिंग, १५ सेंटिमीटरची पट्टी, ब्लेड, शिसपेन्सिल, वही आणि पान ठेवून बघायला पांढरा कागद. पावसाळ्यात एक सुती फडकं जवळ ठेवा. ओल्या पानाची लव भिंगातून दिसत नाही.

फांदी कुठली निवडता याला फार महत्त्व आहे. फुलं-फळं धरणाऱ्या वयाची, उन्हातली फांदी घ्या. बुंध्यातून आलेला फुटवा किंवा तोडलेल्या झाडाचं नवं धुमारं घेऊ नका. सागाच्या फुटव्याला येणारी पानं मोठ्या झाडावरच्या पानांपेक्षा कितीतरी मोठी असतात. फणसाच्या कोवळ्या रोपाला खाचा पडलेली पानं येतात, ती मोठ्या झाडावर दिसत नाहीत.

वेळ ऑगस्ट ते नोव्हेंबर. बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला कणकुंबी, जांबोटीकडे बारमाही हिरवं जंगल आहे आणि पूर्वेला गोकाक, अथणीकडे कोरडं माळरान, त्यामुळे पानगळीचा काळ गावागणिक बदलतो. पण पळस, पांगारा, काटेसावर ही मंडळी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळीकडेच फुलांवर आणि जवळपास निष्पर्ण असतात. तेव्हा पानं शोधत फिरण्यात अर्थ नाही.

*सावधान :* बिब्ब्याचा चीक अंगावर पडला तर फोड येतात, रुईचा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. खाजकुइलीच्या वेलाला पळसासारखीच तीन-तीन पर्णिकांची पानं असतात. शेंगा दिसत असतील तर त्या वेलाला हात लावू नका. भीमगड अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही तोडता येत नाही. तिथे फोटो काढा, नमुना घेऊ नका. सरावाला जंगलाची गरजही नाही. परसातला कढीपत्ता, जास्वंद, पेरू, तुळस आणि शेवगा एवढ्यावर निम्मा अभ्यास होतो.

टप्पा २ : डोळा शोधा

ऊस लावणाऱ्याला डोळा काय ते सांगावं लागत नाही. जिथे पान, तिथे त्याच्या बगलेत डोळा, हा नियम झाडांनाही लागू आहे. पान आणि खोड यांच्यामधल्या बेचक्यात, पानाच्या वरच्या अंगाला एक बारीक कळी असते. पुढे तिच्यातून फांदी किंवा फूल येतं. पर्णिकेच्या बगलेत मात्र डोळा कधीच नसतो. सगळ्या पद्धतीचा पाया हाच.

क्रम असा :

१. शेंड्याकडून खाली या. तिसऱ्या-चौथ्या पेरापाशी थांबा. शेंड्याजवळचे डोळे इतके बारीक असतात की नवख्याला दिसत नाहीत.

२. ज्याला तुम्ही 'पान' समजता आहात त्याच्या बुडाशी भिंग धरा. बेचक्यात टोकदार किंवा गोलसर कळी दिसली तर पानाची सुरुवात तिथेच.

३. कळी नसेल तर ज्या काडीवर ते 'पान' बसलं आहे त्या काडीने मागे मागे जा. जिथे पहिला डोळा भेटेल तिथे पान सुरू होतं. त्या डोळ्याच्या पुढचं सगळं, काडी आणि तिच्यावरचं झाडून सारं, मिळून एक पान.

हे आधी जास्वंदावर करून पाहा. प्रत्येक पानाच्या बगलेत डोळा आहे, म्हणजे पान साधं. मग कढीपत्ता घ्या. फोडणीत ज्यांना आपण 'पानं' म्हणतो त्यांच्या बुडाशी काहीच नाही. काडीने मागे गेलात की ती काडी खोडाला मिळते तिथे डोळा आहे. म्हणजे बाजारात जुडीतून मिळणारी अख्खी काडी हे एक पान आणि आपण ओरबाडून घेतो त्या पर्णिका.

*तपासा :* डोळा दिसत नसेल तर निष्कर्ष काढू नका. त्याच डहाळीवर आणखी खालचं, जून पेर बघा. काही झाडांत डोळा लवेत दडलेला असतो. ब्लेडने देठ बुडाशी कापून बाजूला केला की उघडा पडतो.

टप्पा ३ : डोळ्याला साक्षीदार लावा

एकट्या डोळ्यावर विसंबू नये. आणखी चार गोष्टी पाहायच्या.

*टोक.* संयुक्त पानाची मधली काडी (पर्णाक्ष) पर्णिकेपाशी किंवा पर्णिकांच्या शेवटच्या जोडीपाशी संपते. तिच्या टोकाला वाढणारा शेंडा नसतो. फांदीच्या टोकाला मात्र घडी घातलेली कोवळी पानं किंवा कळी असते.

*उपपर्णं.* पान खोडाला चिकटतं तिथे दोन्ही बाजूंना कधी इवली पानं, कधी काटे असतात. बाभळीचे सरळ पांढरे जोडकाटे हे याचंच रूप. ते जिथे, तिथे पानाचं बूड. पर्णिकांच्या बुडाशी अशी जोडी सहसा नसते. पांगाऱ्याच्या पर्णिकांखाली गाठीसारखे बारीक उंचवटे दिसतात, त्यांना उपपर्णं समजू नका.

*बूड फुगलेलं आहे का?* चिंच, बहावा, करंज, शिरीष यांच्या पानाचं बूड देठापेक्षा ठळक जाड असतं. चिंच रात्री पर्णिका मिटते ती अशाच फुगीर सांध्यांच्या जोरावर.

*गळणं.* संयुक्त पान पर्णिका आणि काडीसकट गळतं किंवा आधी पर्णिका गळून मागून काडी पडते. कसंही गळालं तरी खोडावर एकच व्रण राहतो आणि त्याच्या वर डोळा असतो. ही चाचणी सर्वांत शेवटी करायची आणि तिच्या एकटीच्या भरवशावर राहायचं नाही. का, ते आवळ्यापाशी कळेल.

टप्पा ४ : संयुक्त असेल तर कुठल्या प्रकारचं?

इथे परिभाषेची भीती वाटते, पण शब्दांनीच काम सोपं केलं आहे. संस्कृतात पिच्छ म्हणजे पीस. मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना पर्णिका, तर पान पिच्छाकृती. याचा लॅटिन शब्दही 'पिन्ना' म्हणजे पीस यावरूनच आला आहे. सगळ्या पर्णिका देठाच्या टोकाशी एकाच बिंदूतून फुटत असतील तर ते हस्ताकृती, लॅटिनमध्ये 'पाल्मा' म्हणजे तळहात. शब्द पाठ करू नका. काडी आहे की बिंदू आहे, एवढंच डोळ्यांनी ठरवा.

पिच्छाकृती ठरलं की टोक पाहा. टोकाला एकटी पर्णिका असेल तर विषमदली (कढीपत्ता, करंज), जोडी असेल तर समदली (चिंच, बहावा). टोकाची पर्णिका किडीने खाल्लेली असू शकते, म्हणून किमान पाच पानं पाहून ठरवा. कडुनिंबाच्या एकाच झाडावर दोन्ही तऱ्हा मिळतात. तिथे तसं स्पष्ट लिहा, एक निवडण्याचा हट्ट नको.

काडीला पर्णिकांऐवजी पुन्हा काड्याच (उपअक्ष) फुटल्या आणि त्यांच्यावर पर्णिका आल्या तर द्विपिच्छाकृती : गुलमोहर, शिरीष, बाभूळ, खैर. आणखी एकदा विभागणी झाली तर त्रिपिच्छाकृती, म्हणजे आपला शेवगा. भाजीसाठी शेवग्याचा पाला खुडताना जी हातभर काडी हातात येते ते एक पान. त्यावरचं नखाएवढं हिरवं गोलसर दळ म्हणजे पर्णिका.

मोजताना जोड्या मोजा आणि प्रत्येक पायरी वेगळी लिहा : 'उपअक्षांच्या ५ जोड्या, प्रत्येकावर पर्णिकांच्या २० जोड्या'. 'पर्णिका खूप' असं लिहून उपयोग नाही.

तीन पर्णिकांच्या पानाला त्रिदली म्हणतात : बेल, पळस, पांगारा, तूर, सोयाबीन, घेवडा. शंकराला बेल वाहताना तीन दळांचं मिळून एक पान धरतात, शास्त्राची मोजणी तीच. मधल्या पर्णिकेचा देठ बाजूच्या दोघींपेक्षा लांब आहे का, हे जरूर पाहा. लांब असेल तर ते पिच्छाकृती त्रिदली. बेल, पळस, सोयाबीन सगळे यातलेच. तिन्ही एकाच बिंदूतून निघत असतील, जसं वायवर्ण्यात, तर हस्ताकृती त्रिदली.

टप्पा ५ : जिथे हमखास पाय घसरतो

*आवळा.* सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या हुशार विद्यार्थ्यांच्याही होतात. आवळ्याची काडी हुबेहूब चिंचेच्या पानासारखी दिसते : बारीक, दाट, दोन ओळींत मांडलेली हिरवी दळं. वर ही काडी एखाद्या संयुक्त पानासारखी अख्खीच्या अख्खी गळून पडते. टप्पा ३ मधली गळण्याची चाचणी इथे साफ फसवते. पण आवळ्याचं प्रत्येक दळ हे एक पूर्ण, साधं पान आहे आणि काडी ही गळणारी बारीक फांदी आहे. पुरावा फुलांच्या दिवसांत मिळतो, उन्हाळ्याच्या तोंडाशी. त्या बारीक पानांच्या बगलेतच पिवळसर-हिरवी फुलं येतात. पर्णिकेच्या बगलेत फूल येत नाही.

आवळा फुलायची वाट पाहायची नसेल तर पावसाळ्यात शेताच्या बांधावर भुईआवळी शोधा. वंश तोच, आणि उंची वीत-दीड वीत. एक काडी हळूच उलटी करा. पानांच्या ओळीखाली, एकेका पानाच्या बगलेतून, मोहरीएवढी हिरवी फळं रांगेने लोंबताना दिसतात. भिंग धरलंत तर प्रत्येक पानाच्या बुडाशी केसाएवढी उपपर्णंही दिसतील. हे एकदा नीट पाहिलं की आवळा-चिंचेचा घोळ पुन्हा होत नाही.

*सातवीण आणि काटेसावर.* दोन्हींत पाच-सात लांबट दळं वर्तुळात मांडलेली. सातवीणीत त्या वर्तुळाच्या मधून खोड पुढे वाढत जातं, म्हणून ती सुटी, साधी पानं एकाच पेरावर बसलेली आहेत. मांडणी मंडलित, आणि तोडल्यावर पांढरा चीक. काटेसावरीत वर्तुळाच्या मधून पुढे काहीच जात नाही. खाली लांब देठ असतो आणि डोळा त्या देठाच्या बुडाशी. ते एकच हस्ताकृती संयुक्त पान.

*पपई, एरंड.* कितीही खोल चिरलेलं असलं तरी पातं मध्यभागी अखंड जोडलेलं आहे. पान साधं, हस्ताकृती खंडित. पर्णिका म्हणायला तिच्या बुडाशी पातं पूर्ण तुटलेलं हवं, बहुधा छोटा देठ किंवा सांधाही हवा. फाटलेलं केळीचं पान पाहून कुणी फसत नाही, पपई पाहून पुष्कळजण फसतात.

*आपटा, कांचन.* दोन पाळ्यांचं एकच पातं. 'साधं, द्विखंडी' असं लिहा. सीमाभागात दसऱ्याला कुठे आपटा वाटतात, कुठे बन्नी. बन्नी म्हणजे शमी, पण बोलताना एकाचं नाव दुसऱ्याला सर्रास लावलं जातं. नावावर वाद घालत बसू नका. पान द्विखंडी असेल तर आपटा. बारीक दळांचं द्विपिच्छाकृती असेल तर शमी.

*लिंबू, पपनस.* एकच पातं दिसतं, म्हणून सगळे 'साधं' लिहितात. देठाला पंखासारखी पट्टी आहे का पाहा. पपनसात ती मोठी आणि स्पष्ट असते. पट्टी आणि पातं यांच्यामध्ये सांधा दिसतो. नखाने हलकेच वाकवलं तर पान तिथेच मोडतं. हे एकदली संयुक्त पान, बाकीच्या पर्णिका लोपलेलं.

*ऑस्ट्रेलियन बाभूळ.* रस्त्याकडेला आणि वनखात्याच्या लागवडीत भरपूर. कोयत्यासारखं वाकलेलं, आडव्या जाळीऐवजी उभ्या शिरांचं ते 'पान' म्हणजे खरं तर चपटा झालेला देठ आहे. खात्री करायची तर झाडाखाली नुकतं उगवलेलं रोप पाहा. पहिली काही पानं चक्क बाभळीसारखी द्विपिच्छाकृती असतात आणि मग देठ रुंदावत जातो.

टप्पा ६ : आता खोडावरची मांडणी

पानाची हद्द ठरल्यावरच मांडणी पाहायची. उलटं केलं की ठरलेली चूक होते : पर्णिका समोरासमोर दिसतात आणि वहीत 'पाने समोरासमोर' पडतं. करंजाच्या पर्णिका समोरासमोर आहेत, पानं एकाआड एक आहेत. दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या ओळींत लिहा.

एका पेरावर एक पान असेल तर एकाआड एक, दोन असतील तर समोरासमोर, तीन किंवा जास्त असतील तर मंडलित. कण्हेरीच्या एकेका पेरावर सहसा तीन पानं असतात. समोरासमोर असतील तर लगेच वरची जोडी पाहा. खालच्या जोडीशी काटकोन करत असेल, जसं रुई आणि तुळशीत, तर तेही नोंदवा. पेरूच्या आडव्या फांदीवर पानं वळून दोनच ओळींत आल्यासारखी दिसतात. म्हणून मांडणी नेहमी सरळ उभ्या वाढणाऱ्या शेंड्यावर ठरवायची.

ऐन आणि हिरडा यांच्या बाबतीत 'जवळपास समोरासमोर' असंही लिहावं लागतं, कारण जोडीतली पानं थोडी वरखाली सरकलेली असतात. या दोघांत गाठीही पाहून घ्या. ऐनाच्या पात्याच्या मागच्या अंगाला, मधल्या शिरेच्या बुडाशी गाठी असतात. हिरड्याच्या त्या देठावर, पात्याच्या जवळ.

गुलमोहर आणि नीलमोहर फुलांशिवाय वेगळे ओळखायचे असतील तर मांडणी पुरते. गुलमोहराची पानं एकाआड एक, नीलमोहराची समोरासमोर.

टप्पा ७ : पातं

आकाराचे शब्द अंदाजाने वापरू नका. पट्टी लावा आणि सर्वांत रुंद भाग कुठे आहे ते बघा. मध्यावर असेल तर लंबगोल, मध्याच्या खाली देठाकडे असेल तर अंडाकृती, वर टोकाकडे असेल तर व्यस्त अंडाकृती. कुंभ्याचं पान व्यस्त अंडाकृतीचं चांगलं उदाहरण. लांबी रुंदीच्या तिप्पट किंवा जास्त आणि टोकाकडे निमुळतं होत गेलं तर भालाकार. संयुक्त पानात हे सगळं पर्णिकेचं वर्णन आहे, हे वहीत स्पष्ट लिहा : 'पर्णिका भालाकार', 'पान भालाकार' नव्हे.

कमीत कमी पाच पानं मोजा आणि मर्यादा लिहा, जसं '८ ते १३ सेंमी'. सरासरी काढू नका, ती ओळखायला कामाची नाही. देठ वेगळा मोजा.

शिरा पाहायला पान उजेडासमोर धरा. जांभळाच्या पानात कडेला समांतर धावणारी एक बारीक शीर लख्ख दिसते. जांभळाची पानं समोरासमोर आणि कडा अखंड. उरलेल्या कडा, टोक, तळ, लव या गोष्टी भिंगाखाली दोन मिनिटांत होतात. लव नेहमी खालच्या अंगाला पाहा, आणि जून पानावर पाहा. पुष्कळ झाडांची पालवी लवदार असते आणि पुढे गुळगुळीत होते.

टप्पा ८ : शेतातली पानमोजणी

सोयाबीन उगवताना आधी दोन जाड दळं वर येतात. ती बीजदळं, पानं नव्हेत, मोजायची नाहीत. त्यानंतर समोरासमोर दोन साधी, एकेक पात्याची पानं येतात. सोयाबीनच्या मुख्य खोडावर साधी पानं एवढी दोनच. तिथून पुढे प्रत्येक पेरावर एक त्रिदली पान, एकाआड एक.

घोटाळा असा होतो की पहिलं त्रिदली पान उघडलं की तीन पर्णिका मोजून 'तीन पानांवर आलं' म्हणतात. खरी तीन त्रिदली पानं यायला अजून बरेच दिवस असतात. उलटही घडतं : साधी जोडी आणि बीजदळं धरून चार मोजतात.

मोजायची रीत अशी. जमिनीपासून वर जा, बीजदळांचे व्रण सोडून द्या, साध्या पानांची जोडी वेगळी लिहा आणि मग मुख्य खोडावरची त्रिदली पानं मोजा. शेंड्याकडचं कुठलं पान धरायचं हा प्रश्न येतो. एखाद्या पानाच्या वरच्या पेरावरचं पान उलगडून त्याच्या पर्णिकांच्या कडा एकमेकींपासून सुटल्या असतील, तर खालचं ते पान पूर्ण धरा. बगलेतून फुटलेल्या फांद्यांवरची पानं या मोजणीत घेऊ नका. शेताच्या पाच वेगवेगळ्या जागी दहा-दहा रोपं पाहून ठरवा. बांधालगतच्या रोपांवर भरवसा नको.

भुईमुगाचं पान समदली पिच्छाकृती, पर्णिकांच्या दोन जोड्या. चार दळं म्हणजे एक पान. बटाट्याचं पान संयुक्त असून मोठ्या पर्णिकांच्या मध्ये मध्ये छोट्या पर्णिका असतात. त्या वेगळं पान किंवा नवा फुटवा नव्हेत. तंबाखूचं पान साधं, एकाआड एक, बहुधा बिनदेठाचं. निपाणी भागात पानं खुडणाऱ्यांना ते खोडाला कसं बिलगतं हे वेगळं सांगायला नको.

*तपासा :* माहितीपत्रकात पानांची संख्या पिकाची दिली आहे की तणाची, हे दोनदा वाचा. 'तण २ ते ४ पानांवर असताना' या वाक्यात तुमच्या सोयाबीनच्या पानांचा संबंध नाही. आघाड्यासारख्या समोरासमोर पानांच्या तणात एका पेराला दोन पानं मोजली जातात. इथेही बीजदळं सोडायची.

टप्पा ९ : नोंद लिहिणं

क्रम ठरलेला ठेवा : मांडणी, साधं की संयुक्त, प्रकार, उपपर्णं, देठ, पर्णिकांची संख्या आणि त्यांची मांडणी, पात्याचा आकार, टोक, तळ, कडा, शिरा, लव, चीक किंवा वास. करंजाची नोंद अशी होईल :

'पाने एकाआड एक, संयुक्त, विषमदली पिच्छाकृती. देठाचे बूड फुगीर. पर्णिका ५ ते ७, समोरासमोर, टोकाची सर्वांत मोठी. पर्णिका अंडाकृती ते लंबगोल, टोक निमुळते, कडा अखंड, दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, वरून चकचकीत.'

स्थानिक नाव लिहिताना मराठी, कन्नड आणि कोकणी नावं वेगवेगळ्या रकान्यांत लिहा आणि ज्याने सांगितलं त्याच्याच शब्दांत लिहा. नेल्लिकाई ऐकलं तर नेल्लिकाईच लिहा, तिथल्या तिथे 'आवळा' असं भाषांतर करू नका. नाव सांगणाऱ्याचं झाड आणि तुमच्या मनातलं झाड एकच आहे की नाही, हे पानाच्या नोंदीवरून नंतर पडताळायचं आहे.

फोटो पाठवून विचारायचं असेल तर चार फोटो हवेत : शेंड्यासकट डहाळी, देठाच्या बुडाशी डोळा दिसेल असा जवळून काढलेला, अख्खं पान पट्टीसकट, आणि पानाचं खालचं अंग.

डहाळी वाळवायची असेल तर रद्दीच्या घडीत, थोडी पानं सुलटी आणि किमान एक उलटं ठेवून, वर वजन द्या. पावसाळ्यात पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. खानापूरच्या हवेत एक दिवस चुकला तरी बुरशी धरते. संयुक्त पानांच्या पर्णिका वाळताना सुटून पडतात. त्या एका पाकिटात घालून पाकीट त्याच कागदाला चिकटवा आणि त्यावर डहाळीचा क्रमांक लिहा.